बाकीच्या होड्यांचं काय झालं?

चर्चमधल्या संडे स्कूलचा, म्हणजे मुलांना रविवारी बायबलच्या गोष्टी शिकवायचा, वर्ग हातात आला तेव्हा पहिली तीन वर्षं मी एकच करत होते. गोष्ट सांगायची आणि शेवटी विचारायचं, "मग मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?" उत्तर ठरलेलं असायचं. एकदा मी विचारलं, "नोहाच्या तारवाला दारं किती होती?" पुढच्या बाकावरून जोरात उत्तर आलं, "येशू!" मुलांची काहीच चूक नव्हती. वर्गात हेच एक उत्तर चालतं, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

मग एका रविवारी शिक्षकांची पुस्तिका घरीच राहिली. धडा होता वादळाचा. नाइलाजाने बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चार चरित्रांपैकी एक) चौथा अध्याय उघडला आणि थेट शास्त्रातूनच वाचायला लागले. संध्याकाळ झाली, शिष्य येशूला होडीतून घेऊन निघाले, आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्याही होड्या होत्या. वादळ, लाटा, होडीत शिरणारं पाणी, उशी घेऊन झोपलेला येशू. तो उठला, वाऱ्याला दटावलं, सगळं शांत. मी पुस्तक मिटणार तोच सात वर्षांच्या एका मुलीने विचारलं, "बाकीच्या होड्यांचं काय झालं?"

हे वाक्य मी आयुष्यात कधी नीट वाचलंच नव्हतं. मत्तय आणि लूक आपल्या शुभवर्तमानांत हीच गोष्ट सांगतात, पण बाकीच्या होड्या फक्त मार्क देतो, आणि पुढे त्यांचं नावही काढत नाही. मी म्हटलं, "मला माहीत नाही. तुम्हाला काय वाटतं?" एक जण म्हणाला, समुद्र एकच ना, मग तेही वाचले असणार. दुसरी म्हणाली, "पण वादळ कोणी थांबवलं हे त्यांना कळलंच नसेल." त्यावर वर्ग दहा मिनिटं भांडला. त्या दिवसापासून मी वर्ग घ्यायची पद्धत बदलली.

गोष्ट मंगळवारी-बुधवारीच वाचून ठेवा. पवित्र शास्त्रातून, मोठ्याने, तीनदा. पुस्तिका नंतर. पहिल्यांदा वाचताना आपल्याला आठवणारी गोष्टच ऐकू येते, तिसऱ्या वाचनात लिहिलेली दिसायला लागते. पाच भाकरी आणि दोन मासळ्यांत येशूने हजारोंना जेवू घातल्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, पण त्या भाकरी एका मुलाकडच्या होत्या आणि त्या जवाच्या होत्या, हे फक्त योहान सांगतो. वर्गात मुलं बसली असताना हा मुलगा गाळून कसं चालेल?

आपण पदरचं काय घालतो, तेही तपासा. बाळ येशूला भेटायला आलेले मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी) तीन होते असं मत्तय कुठेच म्हणत नाही, तीन भेटी होत्या: सोनं, ऊद, गंधरस. एदेन बागेतलं फळ सफरचंद होतं असं उत्पत्तीत नाही. योनाला गिळलं ते मोठ्या माशाने, देवमासा असं योनाच्या पुस्तकात लिहिलेलं नाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना अशा चुका पकडायला फार आवडतं, मग पकडू द्या. "हे खरंच लिहिलंय का, शोधा बघू," म्हटलं की न वाचणारं पोरही पानं उलटायला लागतं. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरमध्ये असे वर्ग सुरू केले ते आठवडाभर राबणाऱ्या मुलांसाठी, आणि तिथे मुलांना आधी वाचायलाच शिकवत. आपण मात्र वाचता येणाऱ्या मुलांना चित्रं रंगवायला देऊन बसवतो.

सांगताना हातात एकच वस्तू ठेवा. वादळासाठी मी एक जुनी निळी चादर नेते. चारही कडा मुलांनी धरायच्या, मधे कागदाची होडी. चादर जोरात हलवायची, आरडाओरडा करायचा, आणि मी हात वर केला की एकदम थांबायचं. होडी हळूहळू स्थिर होते. तेवढा वेळ कोणी बोलत नाही. या शांततेवर तुम्हीही बोलू नका. मला तो मोह आवरायला वर्ष लागलं.

पाच वर्षांच्या आतल्यांना यातलं काही नको. पाच मिनिटांची गोष्ट, एक गाणं, आणि येशूने मुलांना जवळ घेतलं एवढं पुरे. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला डोंगरावर घेऊन जातो ती गोष्ट लहान वर्गात मी सांगत नाही. शेवट सुखाचा असला तरी मुलाच्या मनात सुराच राहतो.

प्रश्न असा विचारा की ज्याचं उत्तर तुमच्याकडेही तयार नाही. येशूला पाहायला बुटका जक्कय उंबरावर चढला तेव्हा लोक हसले असतील का? विचारून झालं की मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक शिक्षक तीनलाच स्वतः उत्तर देऊन टाकतात.

पाठांतरासाठी वचन फळ्यावर लिहा, सगळ्यांनी म्हणा, मग दर वेळी एकेक शब्द पुसत जा. फळा कोरा होतो तेव्हा वचन पाठ झालेलं असतं. नवीन मुलांना मी योहान ११:३५ देते: "येशू रडला." दोन शब्द, लगेच जमतात. मग विचारायचं, मेलेल्या लाजाराला तो जिवंत करून उठवणारच होता, तर रडला कशाला? पाठांतराची बक्षिसं मी बंद केली. घरी वेळ देणारे आईवडील ज्यांना आहेत, तीच मुलं दरवेळी जिंकत होती.

"येशूला कोण कोण स्वीकारणार? हात वर करा," हे लहान वर्गात करू नका. शेजारच्याने केला म्हणून सगळे करतात, आणि आपण पाळकांना आकडा सांगून खूश होतो. एखादं मूल खरंच विचारायला लागलं तर ते सगळे गेल्यावर तुमच्याभोवती घुटमळतं. तेव्हा वेळ द्या, दार उघडं ठेवून आणि दुसरं मोठं माणूस खोलीत असताना. हा नियम एरवीही पाळा: मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं. आपण सगळे ओळखीचेच आहोत म्हणून यात सूट नाही.

प्रार्थना मुलांनाच करू द्या, एकेक वाक्य. "देवा, माझ्या कासवाला बरं कर" यावर हसायचं नाही, आणि कासव मेलं तर पुढच्या रविवारी तो विषय टाळायचाही नाही.

वर्ग सुटला की चादर घडी करण्याआधी मुलांचे प्रश्न वहीत लिहून ठेवा. संध्याकाळपर्यंत ते विसरायला होतात. माझ्या वहीतला शेवटचा प्रश्न गेल्या रविवारचा आहे: "लाजार पुन्हा म्हातारा होऊन मेला तेव्हा येशू परत रडला का?"