स्विचवर कमांड मारताना या चुका टाळा

‘अ‍ॅड’ हा एक शब्द राहिल्यामुळे बंद पडलेली किती नेटवर्क मी पाहिली, याचा हिशोब मी केव्हाच सोडला. तरी दर पावसाळ्यात नवी बॅच येते आणि तीच चूक पुन्हा होते. म्हणून आधी तीच सांगतो.

सिस्को कंपनीच्या स्विचवर (नेटवर्कमधली उपकरणं एकमेकांना जोडणारा डबा) ट्रंक पोर्टमधून, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या पोर्टमधून, आधीच १०, २० आणि ९९ हे व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) जात आहेत. तुम्हाला ४० वाढवायचा आहे. तुम्ही ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ४०’ असं लिहिता. स्विच काहीही विचारत नाही, इशारा देत नाही. जुनी यादी पुसतो आणि फक्त ४० ठेवतो. बरोबर कमांड आहे ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ४०’. आणि ९९ हा मॅनेजमेंटचा, म्हणजे स्विचमध्येच शिरण्यासाठीचा, व्हीलॅन असेल तर त्याच क्षणी तुमचं एसएसएच सेशनही (लांबून स्विचवर केलेलं लॉगिन) लटकतं.

शिरवळच्या एका कारखान्यात आमच्याकडून नेमकं हेच झालं. नवे कॅमेरे लागले होते आणि टीममधल्या मुलाने पुण्यात बसून तिथल्या स्विचच्या अपलिंकवर (बाकीच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या ट्रंकवर) व्हीलॅन वाढवायला घेतला. स्क्रीन गोठली. रात्रपाळी सुरू होती, डिस्पॅचची चलनं छापली जाईनात, गेटवर ट्रक उभे राहिले. मला फोन आला तेव्हा मी निर्धास्त होतो. सेव्ह केलेलं नसेल तर स्विच बंद-चालू केला की जुनं कॉन्फिगरेशन परत येतं. वॉचमनला फोन लावला. ‘काका, रॅकमधल्या सगळ्यात खालच्या डब्याची पिन काढा, दहापर्यंत मोजा आणि परत लावा.’ पाच मिनिटांनी ते म्हणाले, ‘साहेब, सगळे दिवे हिरवे आले.’ दिवे हिरवे होते, पण नेटवर्क तसंच मेलेलं.

कारण मुलाने कमांड एकेक करून मारल्याच नव्हत्या. नोटपॅडमधून सगळा गठ्ठा एकदम पेस्ट केला होता आणि त्याची शेवटची ओळ होती ‘राइट मेमरी’, म्हणजे सेव्ह करण्याची कमांड. सेशन तुटायच्या आत सगळ्या ओळी स्विचपर्यंत पोहोचल्या होत्या. स्विचने त्या इमानेइतबारे चालवल्या आणि चूक स्टार्टअप कॉन्फिगमध्ये, म्हणजे चालू होताना वाचल्या जाणाऱ्या सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये, कोरून ठेवली. रात्री अकराला मी कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी वायर) घेऊन कात्रज ओलांडलं. तिथे पोहोचल्यावर दुरुस्ती एका ओळीची होती. तो गठ्ठा आमच्याच टीमचा जुना टेम्प्लेट होता. त्यातून ती शेवटची ओळ मी आधीच काढायला हवी होती, हे मला आजही डाचतं.

तेव्हापासूनची माझी सवय सांगतो. ट्रंकला हात लावण्यापूर्वी ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ मारायचं, म्हणजे सध्याची व्हीलॅनची यादी दिसते, आणि आउटपुट नोटपॅडमध्ये ठेवायचं. ट्रंकची ओळ हातानेच टाइप करायची. एंटरआधी ‘अ‍ॅड’ डोळ्यांनी शोधायचा. आणि सेव्ह? साइटवरचा माणूस ‘सगळं चालू आहे’ असं म्हणेपर्यंत अजिबात नाही. पेस्ट करून पाच मिनिटं वाचवणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. ती पाच मिनिटं दुसऱ्या कुणाच्या तरी रात्रपाळीतून वसूल होतात.

लांबच्या उपकरणावर काम करताना परतीची वाट ठेवत नाहीत, ही दुसरी चूक. अ‍ॅक्सेस लिस्ट (कोणती वाहतूक सोडायची आणि कोणती अडवायची याची यादी) लावली, तिच्या शेवटी न दिसणारा ‘डिनाय’, म्हणजे बाकी सगळ्याला नकार, असतो हे विसरलं, की स्वतःच बाहेर. यासाठी ‘रीलोड इन १०’ आहे. दहा मिनिटांत ‘रीलोड कॅन्सल’ केलं नाही, तर उपकरण रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या कॉन्फिगरेशनवर परत येतं. मात्र ही कमांड बदल करण्याआधी द्या. बदल केल्यावर दिलीत तर ते ‘सेव्ह करू का?’ विचारतं आणि घाईत ‘यस’ म्हणणारे मी पाहिले आहेत. मग रीस्टार्टनंतरही तीच चूक समोर उभी.

रीस्टार्टमध्ये काही मिनिटं सगळंच बंद राहतं, म्हणून कोअरवर, म्हणजे नेटवर्कच्या मध्यवर्ती उपकरणांवर, मी हे वापरत नाही. तिथे आर्काइव्ह (जुन्या कॉन्फिगरेशनच्या प्रती ठेवण्याची सोय) आधी चालू करून ‘कॉन्फिगर टर्मिनल रिव्हर्ट टायमर ५’ देतो, म्हणजे पाच मिनिटांत दुजोरा दिला नाही तर रीस्टार्ट न होता बदल मागे जातो, आणि सगळं नीट दिसलं की ‘कॉन्फिगर कन्फर्म’. जुनिपर या दुसऱ्या कंपनीची उपकरणं वापरणारे यात सुखी आहेत. ‘कमिट कन्फर्म्ड’ दिलं आणि दहा मिनिटांत पुन्हा ‘कमिट’ केलं नाही, तर बदल आपोआप मागे जातो. मोठ्यांचंही अडतं. ४ ऑक्टोबर २०२१ ला देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने फेसबुकचं अंतर्गत नेटवर्क तुटलं. अशी कमांड अडवणाऱ्या त्यांच्या टूलमध्येच दोष होता, आणि शेवटी माणसांना डेटा सेंटरमध्ये प्रत्यक्ष जावं लागलं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

चालू राउटरवर ‘डीबग ऑल’ (आतली प्रत्येक घडामोड स्क्रीनवर दाखवणारी कमांड) कधीच नको, प्रोसेसर गुदमरतो. चुकून झालंच तर प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायची ओळ) दिसत नसला तरी ‘अनडीबग ऑल’ टाइप करत राहा.

नंबरवाल्या अ‍ॅक्सेस लिस्टमधली एकच ओळ काढायची म्हणून ‘नो अ‍ॅक्सेस-लिस्ट १०१’ने सुरू होणारी ओळ मारू नका, सगळी लिस्टच उडते. ‘आयपी अ‍ॅक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड १०१’मध्ये शिरा आणि क्रमांकाने ओळ काढा.

स्पेलिंग चुकलं की राउटर ते एखाद्या उपकरणाचं नाव समजून डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत) शोधत बसतो. कंट्रोल-शिफ्ट-६ दाबून सुटका करा आणि पुढच्या वेळेसाठी ‘नो आयपी डोमेन-लुकअप’ टाका.

पोर्टला डिस्क्रिप्शन द्या, म्हणजे तिथे काय जोडलंय ते लिहून ठेवा. पाठांतराच्या भरवशावर पोर्ट बंद करणारी ‘शटडाउन’ मारू नका.

आणि पुट्टीच्या (लांबच्या उपकरणावर लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) चार खिडक्या उघड्या असतील तर एंटरआधी प्रॉम्प्टमधलं होस्टनेम, म्हणजे उपकरणाचं नाव, मोठ्याने वाचा. ज्या साइटवर सगळ्या स्विचची नावं नुसती ‘स्विच’ असतात, तिथे मी पहिली कमांड होस्टनेमचीच देतो. दुसऱ्या कामाला त्यानंतरच हात लावतो.