लिक्विड कूलरचा पंप ‘गेला’? आधी या चुका टाळा

मे महिन्यात घोडबंदर रोडच्या मावसभावाचा फोन. "दादा, पंप गेला. गेम सुरू केला की दोन मिनिटांत ९८ डिग्री." त्याच्या पीसीत लिक्विड कूलर आहे: पंप पाणी फिरवतो आणि प्रोसेसरची उष्णता रेडिएटरपर्यंत, म्हणजे पंखे लावलेल्या जाळीपर्यंत, नेतो. नवा कूलर त्याने कार्टमध्ये टाकलाही होता. म्हटलं, थांब, येतो.

पंप ठणठणीत होता. मेट्रोच्या कामाची धूळ बसली म्हणून त्याने आदल्या रविवारी कॅबिनेट साफ केलं होतं, आणि पंपाची वायर परत लावताना चुकून कॅबिनेटच्या पंख्याच्या हेडरवर (मदरबोर्डवरच्या पिनांच्या जागेवर) खोचली होती. तो हेडर मदरबोर्डच्या तापमानावर चालत होता, तोही सायलेंट मोडवर. प्रोसेसर भाजत होता आणि पंप अर्धवट झोपेत. वायर पंपाच्या हेडरवर लावून बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या स्क्रीनवर) फुल स्पीड केलं, काम झालं. साफसफाईनंतर पंप ‘मेला’ असेल तर पहिला संशय वायरवरच घ्यायचा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसत्या आकड्यावरून निकाल देणं. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचे प्रोसेसर जड कामात ९५ डिग्रीपर्यंत जातील असेच बनवलेले आहेत. आकडा किती यापेक्षा तो किती वेगाने चढतो ते बघा. काहीही न चालवता बायोसमध्ये बसून राहा. तिथेही काही मिनिटांत ८०-९० गाठलं तर गडबड आहे.

मग हात लावा. प्रोसेसरवरचा पंपाचा ठोकळा चटका बसेल इतका गरम, पण रेडिएटर थंड आणि पंखे गार हवा फेकतायत? पाणी फिरत नाही. रेडिएटरही गरम असेल तर पंप बिचारा काम करतोय. धूळ आणि पंखे बघा. आणि प्रोसेसर ९५ वर असताना ठोकळा थंडगार लागला, तर उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचतच नाही: प्रोसेसर आणि ठोकळ्यामधली थर्मल पेस्ट सुकली, स्क्रू सैल राहिले किंवा ठोकळ्याच्या तळाचं संरक्षक प्लॅस्टिक काढायचंच राहून गेलं. हसू नका, मी स्वतः हे केलंय.

आरपीएमवरही (मिनिटाला किती फेऱ्या) डोळे झाकून विश्वास नको. पॉवर सप्लायच्या साटा केबलवर वीज घेणाऱ्या पंपाची वेग सांगणारी वायर बोर्डाला जोडलेली नसेल तर चालू पंपही शून्य दाखवतो. उलट २,५०० दिसतात म्हणजे पाणी वाहतंय असंही नाही. तो आकडा आतल्या पात्याच्या फिरण्याचा असतो. ठोकळ्यातल्या तांब्याच्या बारीक खाचांमध्ये गाळ साचला की पातं फिरतं, पाणी अडतं.

गुळगुळ आवाज येत असेल तर हवा अडकली आहे. हवा वरच जाऊन बसते, म्हणून रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच हवा. पीसी बंद करून कॅबिनेट हळूच तिरकं करा, बहुतेक वेळा सुटते. टिचकी मारून पंप चालू करणारे महाभाग आहेत. होतो कधीकधी. पण तो पंप नंतर बदलावाच लागतो.

सीलबंद कूलर उघडून पाणी भरू नका, बाटलीबंदसुद्धा नाही. बहुतेकांत खाली तांबं आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा. आतल्या द्रवात गंजरोधक असतं, ते पातळ झालं की धातू खायला सुरुवात. वॉरंटी जाते ती वेगळीच.

पावसाळ्यात नळीवर ओल दिसली की लोक म्हणतात, दमट हवेमुळे असेल. नाही. आतलं पाणी खोलीच्या तापमानाखाली जातच नाही, त्यामुळे दव धरत नाही. थेंब म्हणजे गळती. स्विच बंद करून प्लग काढा.

पंप खरंच गेला असेल तर बिल शोधा आणि वॉरंटीत पाठवा. तो परत येईपर्यंत साध्या एअर कूलरवर काम भागतं. मात्र एएमडीच्या एएम४-एएम५ सॉकेटच्या बोर्डवर एआयओ (असा सीलबंद लिक्विड कूलर) बसवताना सॉकेटजवळचे जे प्लॅस्टिकचे दोन ब्रॅकेट काढतात, ते बऱ्याच एअर कूलरना लागतात. भावाचे रद्दीत गेलेत. तुमचे बोर्डाच्या खोक्यात आहेत का, आजच बघून ठेवा.