पाऊस पडायच्या आत नंबरांची वही लावून घ्या

पालघर जिल्ह्यातल्या विक्रमगड, जव्हार, मोखाड्याच्या शेतकरी बायकांशी आपल्या संस्थेला मुंबईत बसून संपर्क ठेवायचा असेल, तर त्याची तयारी मे महिन्यातच उरकावी. जूनमध्ये पेरण्या, जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी. तेव्हा फोन उचलायला कुणाला फुरसत नसते, आणि ऐन पावसात कुठल्या पाड्यावर रेंज टिकेल तेही सांगता येत नाही.

पहिलं काम वहीचं. नाव, पाडा आणि नंबर लिहून भागत नाही. नंबरापुढे ‘फोन कुणाचा’ हा रकाना हवाच. बहुतेकदा उत्तर येतं ‘ह्यांचा’ नाहीतर ‘पोराचा’, आणि पोरगा भिवंडीला कामाला गेला की फोनही त्याच्याबरोबर जातो. म्हणून त्याच्या शेजारी फोन तिच्या हातात कधी असतो तेही लिहा. फोन बटणाचा की टचचा, तेही. आणि फोन लागलाच नाही तर निरोप कुणाजवळ द्यायचा? शेजारीण, अंगणवाडी सेविका, उमेदच्या (सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) गटातली कृषी सखी, कुणीही चालेल, पण हा रकाना मोकळा सोडू नका. 2026 हे संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय, त्यामुळे बॅनर भरपूर निघतील. असल्या वह्या मात्र फारशा दिसत नाहीत.

मग व्हॉट्सॲप. ग्रुप काढायची घाई नको. ग्रुपात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि घरातला फोन पुरुषाच्या हातात असेल तर बाईचा नंबर भलत्याच माणसाकडे जायला वेळ लागत नाही. ब्रॉडकास्ट यादी बरी. एका यादीत 256 नंबर बसतात आणि कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. अट एकच, तिच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह असला पाहिजे, नाहीतर मेसेज पोचतच नाही. हे मुंबईहून होत नाही. बैठकीला जाल तेव्हा तिच्या शेजारी बसून, तिच्याच बोटांनी सेव्ह करून घ्या. नंबर ठेवायला आणि फोटो वापरायला चालेल का, तेही त्याच बैठकीत विचारा.

बटणाच्या फोनसाठी एसएमएस. तो एकगठ्ठा पाठवायचा तर डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, संस्थेची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. त्याला वेळ जातो, आधीच करा. देवनागरीत एका एसएमएसमध्ये 70 अक्षरं मावतात, काना-मात्रा धरून. ‘आपणांस कळविण्यात येते की’ लिहिलंत तर एक तृतीयांश जागा तिथेच संपली.

टचच्या फोनवर बोलून पाठवलेलं उत्तम. वाचता येत नसेल तरी ऐकता येतं, आणि व्हिडिओसारखा डेटा खात नाही. एका निरोपात एकच गोष्ट सांगा. मोगऱ्याचंच घ्या. कळ्या पहाटे खुडतात, माल टेम्पोने दादरच्या फूलबाजारात जातो, आणि दर रोज बदलतो. ‘आज भाव चांगला आहे’ असं सांगून तिच्या पदरात काही पडत नाही. दादरला आज किलोला काय भाव निघाला, तो आकडा तारखेसकट दुपारी पाठवा. दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, हातात आली की तिला ताडून बघता येतं. बाजारात जाऊन रोज हा भाव विचारणारं माणूस आधी ठरवा, तसं माणूस नसेल तर भावाच्या भानगडीत पडूच नका. औषधाचं प्रमाणही आपण अंदाजाने सांगायचं नाही. टोपणाने मोजून पंपात ओतणारीला चुकीचा आकडा महागात पडतो. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा नंबर फुकट लागतो, सकाळी 6 ते रात्री 10. तो तिच्या फोनमध्ये आपल्या नंबराखालीच सेव्ह करून द्या.

योजनांच्या मेसेजआधी कागद बघा. सातबारा सासऱ्याच्या नावे आणि आधारला नवऱ्याचा नंबर असेल, तर ओटीपी तिच्यापर्यंत येणारच नाही. वनपट्ट्याचं वेगळं आहे. 2006च्या वनहक्क कायद्याप्रमाणे तो नवरा-बायको दोघांच्या नावे असतो, तेव्हा तिचं नाव त्यावर लागलंय ना, एवढं विचारून घ्या.

सगळ्यात जास्त डोकं लावायचं ते तिच्याकडून येणाऱ्या फोनसाठी. बॅलन्स नसला तर ती मिस्ड कॉल देईल, तेव्हा उलट फोन करायचं काम नाव घेऊन कुणावर तरी सोपवा. आपल्याकडची मंडळी संध्याकाळी लोकलमध्ये लोंबकळत असतात आणि तिला नेमकी चुलीपुढून उठल्यावर, आठ-साडेआठला सवड मिळते, म्हणून पाळी लावताना डोंबिवलीकरांना वगळा. सिमकार्ड संस्थेच्या नावावर घ्या, कुणा कार्यकर्त्याच्या नको. माणूस नोकरी सोडतं आणि नंबर घेऊन जातं. रिचार्ज कधी संपतो आणि कोण मारणार, ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.