जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकल्यावर स्क्रीन काळी? आधी ग्राफिक्स कार्डचं फर्मवेअर बघा

जुना कॉम्प्युटर परत वापरात आणायचा म्हणून लिनक्स टाकलं, इन्स्टॉल नीट झालं आणि रीस्टार्ट मारल्यावर स्क्रीन काळी. किंवा डेस्कटॉप येतो पण १०२४ बाय ७६८ वरच अडकतो, विंडो ओढली की तुटत तुटत सरकते, साधा व्हिडिओ लावला तरी प्रोसेसर १०० टक्क्यांवर. अशा वेळी लोक सरळ म्हणतात कार्ड गेलं, आणि चांगलं चालणारं कार्ड काढून टाकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा कमी असतात त्या फक्त फर्मवेअरच्या, म्हणजे कार्डच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामच्या, दोन-तीन छोट्या फाइल्स. किती छोट्या, तर एएमडीच्या रेडिऑन एचडी ५४५० कार्डाला लागणाऱ्या मुख्य तीन फाइल्स आहेत ४४८०, ५५०४ आणि ३०७२ बाइटच्या, तिन्ही मिळून साधारण १३ केबी.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण लोक इथेच घाबरतात. हे फर्मवेअर टाकणं म्हणजे कार्डचं बायोस फ्लॅश करणं (कार्डमध्येच कायम साठवलेला मूळ प्रोग्राम पुसून नवा लिहिणं) नाही. या फाइल्स तुमच्या डिस्कवर /लिब/फर्मवेअर या फोल्डरमध्ये असतात, दर वेळी बूट होताना कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) ड्रायव्हर त्या उचलतो आणि कार्डमध्ये भरतो, पॉवर बंद केली की तिथून जातात. म्हणजे चुकीचं पॅकेज टाकलंत तरी कार्डला काही होत नाही, फार तर फाइल सापडणार नाही. बायोस फ्लॅश करताना मात्र कार्ड कायमचं बंद पडू शकतं, त्यामुळे या प्रॉब्लेमसाठी कोणी तो उपाय सांगितला तर करू नका.

आता कार्ड कोणतं ते बघा. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं, सगळी स्मॉल.) टर्मिनलमध्ये एल-एस-पी-सी-आय, स्पेस, हायफन के. लांबलचक यादी येईल, त्यात व्हीजीए लिहिलेली ओळ शोधा, तिच्यात चिपचं नाव असतं आणि खाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते. जुनं रेडिऑन असेल तर फर्मवेअर लागतंच. जुन्या इंटेल ग्राफिक्सला सहसा काही लागत नाही. एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांना नूव्हो या खुल्या ड्रायव्हरवर डेस्कटॉपपुरतं वेगळं काही लागत नाही, पण जीटीएक्स ९०० सिरीजमधल्या बहुतेक कार्डांपासून पुढे एनव्हिडियाने डिजिटल सही केलेलं फर्मवेअर लागतं. सगळ्यात जास्त अडतं ते रेडिऑनवर, म्हणून पुढचं मुख्यतः त्याबद्दल.

स्क्रीन पूर्ण काळी असेल तर टर्मिनलच दिसत नाही, मग काय? ग्रबचा (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आला की ई दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी स्पेस देऊन नोमोडसेट असं जोडून लिहा आणि एफ१० दाबा. चित्र ओबडधोबड दिसेल पण दिसेल, आणि हा बदल त्या एका बूटपुरताच असतो.

मग कर्नल काय म्हणतोय ते वाचा. सुडो, स्पेस, डी-एम-ई-एस-जी, मग उभी रेघ, मग ग्रेप हायफन आय फर्मवेअर. तिथे रेडिऑन/सीडार_पीएफपी.बिन (सीडार हे एचडी ५४५० च्या चिपचं नाव) सारखं नाव आणि शेजारी लोड झालं नाही असा एरर दिसला की निदान झालं. नोमोडसेटने बूट केलं असेल तर रेडिऑन ड्रायव्हर सुरूच होत नाही त्यामुळे हा एरर दिसणार नाही, तेव्हा मागच्या बूटचा लॉग बघा: सुडो जर्नलसीटीएल, हायफन के, हायफन बी, स्पेस, उणे १. जुना लॉग साठवलेला नसेल तर सरळ पॅकेज टाकून बघा, नुकसान काहीच नाही. फाइलचं नाव तुमच्या कार्डाशी जुळत नसलं तरी गोंधळू नका, एकाच घरातली कार्डं फाइल वाटून घेतात, उदाहरणार्थ सीडार चिपची व्हिडिओ डीकोडिंगची फाइल सायप्रेस या दुसऱ्या चिपच्या नावाने असते.

डेबियनवर पॅकेजचं नाव फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स. पण नुसतं एपीटी इन्स्टॉल केलं आणि पॅकेज सापडत नाही असं आलं तर सोर्सेस, म्हणजे पॅकेज कुठून घ्यायची ती यादी, बघा. या फाइल्सचा सोर्स कोड खुला नाही, त्यामुळे डेबियनने त्या कायम वेगळ्या ठेवल्या. आवृत्ती ११ पर्यंत नॉन-फ्री विभागात होत्या, २०२२ मध्ये डेव्हलपर्सनी मतदान करून इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं आणि २०२३ मध्ये आलेल्या १२ पासून नॉन-फ्री-फर्मवेअर असा नवा विभाग झाला. म्हणून ११ वरून १२ वर अपग्रेड केलेल्या मशीनवर जुनीच ओळ राहिली तर हे पॅकेज मिळत नाही. /ईटीसी/एपीटी/ मधल्या सोर्सेस.लिस्ट फाइलमध्ये मेन शब्दाच्या पुढे नॉन-फ्री-फर्मवेअर जोडा, एपीटी अपडेट करा, मग पॅकेज टाका. उबंटू आणि मिंटवर लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज सहसा आधीच असतं, नसेल किंवा बिघडलं असेल तर तेच परत टाका.

मशीनला नेटच नसेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्या पॅकेजची डेब फाइल उतरवा, पेनड्राइव्हने आणा आणि डीपीकेजी हायफन आय ने बसवा. नुसत्या बिन फाइल्स कॉपी करणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. एक म्हणजे लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी हवीत. दुसरं, नवीन डिस्ट्रो (डेबियन, उबंटूसारखे लिनक्सचे प्रकार) या फाइल्स एक्सझेड किंवा झेडएसटी प्रकारात कॉम्प्रेस करून ठेवतात आणि जुना कर्नल त्या उघडू शकत नाही, एक्सझेडला कर्नल ५.३ लागतो आणि झेडएसटीला ५.१९, त्यामुळे जुन्या सिस्टिमवर टाकण्याआधी एक्सट्रॅक्ट करून घ्या.

हाताने कॉपी केल्यावर लोक विसरतात ती पायरी म्हणजे इनिटरॅमएफएस. ड्रायव्हर बूटच्या अगदी सुरुवातीला उठतो, तेव्हा मुख्य डिस्क जोडलेलीही नसते, म्हणून फाइल त्या सुरुवातीच्या इमेजमध्येही असावी लागते. डेबियन-उबंटूवर सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस हायफन यू, फेडोरावर सुडो ड्रॅकट हायफन एफ. डेबियन-उबंटूवर पॅकेजमधून टाकलं तर हे आपोआप होतं, तरी एकदा हाताने चालवलं तर बिघडत नाही. तेव्हा अमुक फर्मवेअर कदाचित नाही अशा वॉर्निंग येतील, त्या तुमच्याकडे नसलेल्या कार्डांच्या असतील तर सोडून द्या.

रीस्टार्ट करा आणि जीएलएक्सइन्फो, स्पेस, हायफन कॅपिटल बी चालवा (मेसा-युटिल्स पॅकेज लागेल). रेंडररच्या ओळीत एलएलव्हीएमपाइप दिसलं तर अजून सगळं प्रोसेसरच ओढतोय, तुमच्या चिपचं नाव दिसलं तर काम झालं. चिपचं नाव येतंय पण पंखा उगाच जोरात फिरतोय असं असेल तर लॉगमध्ये एसएमसी नावाची फाइल राहिलीय का बघा, पॉवर मॅनेजमेंट तिच्यावर असतं. आणि सगळं बसवूनही एलएलव्हीएमपाइपच येत असेल तर /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब उघडा, कधीतरी तिथे कायमचं लिहून ठेवलेलं नोमोडसेट तसंच पडलेलं असतं, ते काढा, सुडो अपडेट-ग्रब चालवा आणि परत बूट करा.