भुयारी गटाराचं डिझाइन: पहिल्या वर्षीचा वेग आधी बघा

नवे इंजिनिअर गटाराचं डिझाइन तपासायला आणतात तेव्हा मी आधी एकच कॉलम शोधते: पहिल्या वर्षी पाण्याला मिळणारा वेग. बहुतेक वेळा तो कॉलमच नसतो. तीस वर्षांनंतरची लोकसंख्या, तेव्हाचा सर्वात मोठा प्रवाह, त्याला पुरेल एवढा पाइप, की झालं काम. पण गटार उद्यापासून वापरात येणार असतं, आणि उद्या त्याला जोडलेली असतात जेमतेम शंभर घरं.

सुरुवात खालच्या टोकापासून करा. नवी लाइन आधीच्या गटाराला जिथे मिळणार तिथली इन्व्हर्ट लेव्हल, म्हणजे पाइपच्या आतल्या तळाची उंची, स्वतः लेव्हलचं यंत्र लावून घ्या. जुन्या नकाशावरच्या आकड्यावर जाऊ नका. मॅनहोलचं झाकण उघडायचं आणि वरूनच स्टाफ, म्हणजे आकडे असलेली उंच मोजपट्टी, तळाला टेकवायचा. आत कुणालाही उतरवायचं नाही. हायड्रोजन सल्फाइड हा गटारातला विषारी वायू जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, त्यामुळे ‘वास तर येत नाहीये’ या बोलण्याला काही अर्थ नाही. खालची लेव्हल हातात आली की वर वर चढत जा आणि दोन टोकांमध्ये एकूण किती उतार मिळतोय ते काढा. हा उतार म्हणजे तुमची शिल्लक. पुढचा सगळा खर्च त्यातूनच करायचा आहे.

आता प्रवाह. समजा शेवटी २,००० माणसं असतील आणि माणशी रोज १२० लिटर मैलापाणी येईल. दिवसाचे २,४०,००० लिटर, म्हणजे सरासरी सेकंदाला २.८ लिटर. पण सकाळी सगळं गाव एकदम उठतं, म्हणून सरासरीला शिखर गुणकाने गुणायचं. हार्मनचं सूत्र सोपं आहे: लोकसंख्या हजारांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्यात ४ मिळवा, १४ ला त्या बेरजेने भागा आणि उत्तरात १ मिळवा. २,००० माणसांना गुणक येतो ३.६, एक लाखाला बरोबर २. वस्ती मोठी असली की सगळे एकाच मिनिटाला नळ सोडत नाहीत, एवढंच त्यामागचं कारण. आपलं शिखर आलं १० लिटर. सांध्यांतून झिरपणाऱ्या भूजलाचा १ लिटर धरून ११.

पाइपची क्षमता काढायला मॅनिंगचं सूत्र. आयर्लंडच्या रॉबर्ट मॅनिंग यांनी ते १८८९ मध्ये मांडलं आणि आजही त्याच्यावाचून आपलं पान हलत नाही. खरखरीतपणाचा आकडा ०.०१३ धरा. प्लास्टिकचा पाइप गुळगुळीत असतो म्हणून विक्रेता ०.००९ सुचवेल, पण चार वर्षांनी आत बुळबुळीत थर बसला की सगळे पाइप सारखेच. २०० मिमीचा पाइप २५० ला १ अशा ढाळावर, म्हणजे २५० मीटर लांबीत १ मीटर खाली, असा टाकला तर भरून वाहताना वेग येतो सेकंदाला ०.६६ मीटर आणि प्रवाह २०.७ लिटर. आपल्याला ११ हवेत, म्हणजे पाइप साधारण अर्धा भरेल. अर्ध्या भरलेल्या पाइपात वेग पूर्ण भरलेल्याइतकाच असतो. हे दरवर्षी कुणाला तरी पटत नाही, मग मी कागदावर गोल काढून दाखवते: पाण्याचं क्षेत्रफळ निम्मं झालं तसा ओला परीघ, म्हणजे पाण्याला टेकलेली पाइपची कड, तीही निम्मीच झाली.

रेती आणि घाण तळाला बसू नये म्हणून दिवसातून एकदा तरी ०.६ मीटरचा वेग मिळायला हवा. वरची मर्यादा साधारण ३ मीटर, नाहीतर रेती पाइप घासून खाते. आपले ०.६६ चालतील असं वाटतं, नाही का?

आता ती शंभर घरं घ्या. ५०० माणसं, सरासरी ०.७ लिटर, गुणक जवळपास ४, शिखर सुमारे २.८ लिटर. त्याच पाइपात पाणी चतुर्थांश उंचीपर्यंत चढतं आणि वेग उतरतो ०.४६ वर. सकाळच्या गर्दीतही गटार स्वतःला धुऊ शकत नाही. तोच पाइप १२० ला १ वर टाकून बघा, वेग ०.६ च्या आसपास येतो. वरच्या टोकाच्या, कमी घरांच्या लाइनींना ढाळ जास्त द्यायचा तो यासाठी. शिल्लक उतार आधी तिथे खर्च करा. खालच्या मोठ्या लाइनीला पाणी भरपूर असतं, तिचं कमी ढाळावरही भागतं.

इथे मी स्वतः तोंडघशी पडले आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका सपाट भागात मला २०० मिमीला लागणारा ढाळ मिळेना. तक्त्यात दिसलं की ३०० मिमीला ४५० ला १ पुरतो. मी पाइप मोठा केला, खोदाई वाचली, साहेबांनी पाठ थोपटली. तक्ता खोटा नव्हता. पण तो भरलेल्या पाइपाचा होता, आणि पाइप भरायला पाणी होतं कुठे? आपल्याच उदाहरणातले २.८ लिटर त्या पाइपात सोडा: जेमतेम ५० मिमी खोल पाणी, वेग ०.३५. वर्षाच्या आत लाइन तुंबू लागली. जोराच्या पाण्याने पाइप धुणारी जेटिंगची गाडी आली की दोन महिने सुटका, पुन्हा तेच. शेवटी वरचे तीन टप्पे उकरून २०० मिमीचा पाइप जास्त ढाळावर टाकला, त्याने लाइन खोल गेली आणि खाली एक छोटा पंप बसवावा लागला. पंप टाळण्यासाठीच तर पाइप मोठा केला होता.

शिखर प्रवाहालाही पाइप काठोकाठ भरू देऊ नका, ०.८ खोलीवर थांबा. वरच्या मोकळ्या जागेतून हवा खेळते.

मॅनहोल कुठे, याला फार डोकं लागत नाही: दिशा, ढाळ किंवा व्यास बदलला की, दोन लाइनी मिळाल्या की, आणि सरळ लाइनीवर सफाईचं यंत्र पोहोचेल तेवढ्या अंतरावर. लहान पाइपांना यंत्र असेल तर ९० ते १२० मीटर, हाताने बांबूपट्टी घालायची असेल तर ३०. डोकं लागतं ते लेव्हलला. लहान पाइप मोठ्याला मिळतो तिथे दोघांचे तळ नाही, माथे (आतली वरची बाजू) जुळवा. तळ जुळवले की मोठा पाइप भरल्यावर लहानात पाणी मागे चढतं आणि तिथेच गाळ धरतो. वळण असलं तर मॅनहोलच्या आतच ३० मिमीचा उतार द्या. येणारी लाइन ०.६ मीटरपेक्षा उंचावर असेल तर पाणी वरून कोसळू देऊ नका, ड्रॉप पाइपने, म्हणजे उभ्या पाइपातून, खाली उतरवा. पाणी कोसळलं की त्यातला हायड्रोजन सल्फाइड उसळून बाहेर पडतो, ओल्या माथ्यावरचे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि काँक्रीट वरून भुसभुशीत होत जातं. खालून बघताना पाइप धडधाकट दिसतो, माथा मात्र गेलेला असतो.

पिण्याच्या पाण्याची लाइन शेजारी असेल तर आडवं ३ मीटर अंतर ठेवा. एकमेकींना छेदत असतील तर पाण्याची लाइन वर, गटार खाली, मध्ये निदान ०.४५ मीटर. तुमच्या भागाची नियमावली यापेक्षा कडक असेल तर तीच पाळा.

पाइप टाकायला खालच्या टोकापासून सुरुवात, सॉकेटचं तोंड, म्हणजे पुढचा पाइप ज्यात बसतो ते रुंद टोक, वरच्या बाजूला. सॉकेटखाली बेडिंगमध्ये, म्हणजे पाइपखालच्या थरात, खळगा करायला लावा, नाहीतर पाइप सॉकेटवरच टेकतो आणि मध्ये मोडतो. चर बुजवण्याआधी आरसा लावा: एका मॅनहोलला बॅटरी, दुसऱ्याला आरसा. पूर्ण गोल दिसला तर लाइन सरळ. गोल कापलेला दिसला तर कुठेतरी पाइप बसला किंवा सरकला आहे, मग ठेकेदार कितीही शपथा घेवो. पाणी भरून गळती तपासा आणि प्रत्येक मॅनहोलची प्रत्यक्ष इन्व्हर्ट लेव्हल नकाशावर चढवा. मिळाली ती, डिझाइनची नाही.