लांबचा तारा फिका का दिसतो, हे गच्चीवर स्वतः कसं तपासायचं

जास्त चमकतो तो तारा मोठा नाहीतर जवळचा, असं आपण सरळ धरून चालतो आणि दोन्हीकडे फसतो. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा, जेमतेम 4.24 प्रकाशवर्षांवर, आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. ताऱ्याचं मूळ तेज किती आणि त्यात अंतराची करामत किती, हे वेगळं काढता येतं. त्यासाठी एक बल्ब, मोबाईल, टेप आणि कॅल्क्युलेटर एवढंच लागतं.

आधी बल्बचं बघू. मोबाईलवर लक्स मीटरचं (म्हणजे उजेड मोजणारं) कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या. रात्री गच्चीवर एक्स्टेन्शन बोर्ड न्या आणि साधा नऊ वॉटचा एलईडी बल्ब शेडशिवाय लावा. हे खोलीत करू नका, पांढऱ्या भिंतींवरून उजेड परत येतो आणि आकडे फुगतात. बल्ब बंद ठेवून आधी एक रीडिंग घ्या, शेजारच्या सोसायटीचा फ्लडलाइट वगैरे जे काही असेल ते त्यात येतं आणि नंतर प्रत्येक आकड्यातून ते वजा करायचं. सेन्सर बहुतेक फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो, तो बरोबर बल्बकडे तोंड करून धरा, जरा तिरका झाला तरी फरक पडतो. आता एक, दोन, तीन, चार मीटरवर मोजा. एक मीटरला 80 आलं असेल तर दोनला 20 च्या आसपास, तीनला 9 आणि चारला 5 यायला पाहिजे. आकडे एवढे घासून पुसून येणार नाहीत, कमी उजेडात फोनचे सेन्सर ढोबळच असतात, पण चाल लगेच कळते: अंतर दुप्पट तर उजेड चौथाई, तिप्पट तर नववा हिस्सा. कारण तोच प्रकाश पुढे जाताना पसरत जातो आणि दुप्पट अंतरावर त्याला चौपट जागा भरायची असते. बल्ब असो की तारा, हिशोब हाच.

आता आकाश. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभं राहायचं, वर जो सगळ्यात ठळक तारा दिसतो तो व्याध. त्याच्या बरोबर खाली, क्षितिजापासून साधारण दोन मुठी वर (हात लांब करून मूठ धरायची) अगस्त्य असतो. पुण्यातून तो 19 अंशांच्या वर चढतच नाही, त्यामुळे दक्षिण मोकळी असलेली गच्ची बघा, पेठेत समोर बिल्डिंग आली की संपलं. जमलं तर सासवड किंवा भोरच्या बाजूला जा, म्हणजे शहराचा उजेड उत्तरेला पाठीमागे राहतो.

दोघांची प्रत, म्हणजे तारा किती तेजस्वी दिसतो त्याचा आकडा, स्टेलॅरियम या आकाश दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये बघून घ्या. डोळ्यावर भिस्त ठेवू नका, कारण अगस्त्य एवढा खाली की त्याचा प्रकाश जास्त हवेतून आणि धुळीतून येतो आणि तो आहे त्यापेक्षा मंद वाटतो. व्याध उणे 1.46, अगस्त्य उणे 0.74. प्रतीचा आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी, आणि एका प्रतीचा फरक म्हणजे 2.512 पट. फरक 0.72 चा आहे, म्हणून 2.512 चा 0.72 वा घात काढा, येतं 1.94. म्हणजे व्याध जवळजवळ दुप्पट तेजस्वी दिसतो. आता अंतरं: व्याध 8.6 प्रकाशवर्षं, अगस्त्य सुमारे 310, म्हणजे 36 पट लांब. 36 चा वर्ग साधारण 1300, बल्बच्या हिशोबानं अगस्त्याचा प्रकाश तेवढ्या पटींनी जास्त पसरतो, पण दिसायला तो 1.94 पटच कमी आहे, म्हणून 1300 ला 1.94 ने भागा. अगस्त्य मुळात व्याधापेक्षा साडेसहाशे पटींहून जास्त तेजस्वी निघतो! आणि आपण त्याला दुसरा नंबर देतो.

हाच हिशोब आपल्या सूर्याला लावला की मजा येते. सूर्य नेऊन व्याधाच्या अंतरावर ठेवला तर तो ध्रुव ताऱ्याएवढा दिसेल, अगस्त्याच्या अंतरावर ठेवला तर दुर्बिणीशिवाय सापडणारच नाही. रोहिणी 65 प्रकाशवर्षांवर आहे, तिथून बघणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी आपला सूर्य दिसणं मुश्कीलच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, अंतर दुसरीकडून माहीत असल्याशिवाय हे काहीच जमत नाही. जवळच्या ताऱ्यांचं अंतर पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती सरकलेला दिसतो त्यावरून काढतात. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलनं 1838 मध्ये हे पहिल्यांदा नीट करून दाखवलं आणि अलीकडे गाया उपग्रहानं अब्जाहून जास्त ताऱ्यांसाठी केलं.

सरावाला मे महिन्यात स्वाती आणि चित्रा घ्या. स्वाती उणे 0.05, 37 प्रकाशवर्षं, चित्रा 1.0, सुमारे 250 प्रकाशवर्षं. उत्तर सतरा-अठरा पट, चित्राच्या बाजूनं. मृगातला काक्षी (बीटलज्यूस) मात्र घेऊ नका, त्याचं तेज स्वतःच कमीजास्त होतं, 2019 च्या शेवटापासून 2020 च्या फेब्रुवारीपर्यंत तर तो इतका मंदावला की नुसत्या डोळ्यांना कळत होतं, आणि त्याच्या अंतरावरही अजून एकमत नाही.