बाल्साच्या किटमधून रेडिओ कंट्रोल विमान बांधताना: पंखातला पीळ आणि बाकीचं सगळं

मैदानावर कुणी नवीन विमान आणलं की पोरं मोटार केवढी, बॅटरी केवढी, रेडिओ कुठला हे विचारत बसतात. जुना माणूस काही विचारत नाही. तो विमानाच्या मागे दोन-तीन मीटरवर उभा राहतो, एक डोळा मिटतो आणि पंखाकडे बघतो. पंखात पीळ असेल तर त्याला तिथेच कळतं. बाकीच्यांना विमान वर गेल्यावर.

हे मार्गदर्शन बाल्सा लाकडाच्या किटसाठी आहे. डोळ्यांसमोर धरा साधा ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान: पंख वरच्या बाजूला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड मीटर, पंखाची रुंदी 25 सेंटिमीटरच्या आसपास, चार चॅनेल (रेडिओवरून वेगवेगळ्या चालवायच्या चार गोष्टी) आणि इलेक्ट्रिक मोटार. फोमची तयार विमानं चार स्क्रू आवळले की उभी राहतात, त्यांच्यासाठी एवढं वाचायची गरज नाही. ब्लेड, टाचण्या, गुण्या, सँडपेपर तुमच्याकडे आहेत असं धरून चालतो.

लाकूड निवडून घ्या

बाल्सा मुख्यतः इक्वाडोरहून येतं आणि एकाच पेटीतल्या दोन पट्ट्यांच्या वजनात चांगलाच फरक असू शकतो. किट उघडलं की आधी पट्ट्या वेगळ्या करा. जड पुढे, हलकी शेपटीला. तोलाच्या जागेपासून शेपटीचं अंतर नाकाच्या अंतराच्या साधारण तिप्पट असतं, म्हणजे मागे वाढलेल्या एका ग्रॅमसाठी पुढे तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं.

स्पारच्या, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या कण्याच्या, चार पट्ट्या एकेक करून टेबलाच्या कडेला अर्ध्या बाहेर धरा आणि किती वाकतात ते बघा. सारख्या वाकणाऱ्यांच्या जोड्या लावा. डावीकडे कडक आणि उजवीकडे लवचिक स्पार असलेला पंख पाटावर सरळ दिसतो, हवेत दिसत नाही.

आपल्याकडे बांधणी बहुतेक पावसाळ्यातच होते, कारण मैदानात चिखल असतो. पण बाल्सा ओलावा ओढतं. तक्ते भिंतीला टेकवून ठेवू नका, आडवे ठेवा आणि वर सपाट वजन ठेवा.

गोंद

पातळ सायनो (झटपट धरणारा सुपरग्लू) फटीत शिरण्यासाठी, जाड सायनो जिथे फट भरायची तिथे, फायरवॉलला (नाकातली मोटार बसवायची फळी) आणि पंखाच्या मधल्या जोडाला अर्ध्या तासाचा इपॉक्सी. पाच मिनिटांचा इपॉक्सी मैदानावरच्या डागडुजीसाठी ठेवा. सायनो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, त्यामुळे जुलैमध्ये तो हात काढायच्या आत धरतो. दोन्ही भाग कोरडेच बसवून बघा, मग गोंद लावा.

पंख

हा टप्पा समजायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि याच टप्प्यावर सगळ्यात वाईट सल्ले मिळतात.

पहिला वाईट सल्ला: जेवणाच्या टेबलावर बांध. जेवणाचं टेबल सपाट नसतं. पाट म्हणून फ्लश डोअरचा तुकडा घ्या आणि त्यावर अॅल्युमिनियमचा सरळ अँगल दोन्ही कर्णांवर उभा ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. उजेड दिसला तर दुसरा तुकडा. टाचण्या घुसाव्यात म्हणून वर सॉफ्ट बोर्ड टाका. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा बहुधा चांगला सपाट असतो, पण त्यावर टाचणी घुसत नाही आणि घरचे दोन दिवस ओटा सोडणार नाहीत.

प्लॅन पसरा, वर प्लॅस्टिक टाका. कागद दमट हवेत वाढतो, त्यामुळे लांबीच्या बाबतीत प्लॅनपेक्षा स्पारच्या खाचांवर विश्वास ठेवा. प्लॅनवर एकाच बाजूचा पंख छापला असेल तर कागदाला मागून खोबरेल चोळा. रेषा उलट बाजूने स्वच्छ दिसतात आणि दोन डावे पंख बांधून मोकळं व्हायची वेळ येत नाही.

ट्रेनरचा पंख बहुतेक वेळा खालून सपाट असतो, म्हणून तो पाटावर थेट बांधता येतो. फक्त पुढचा भाग किंचित वर वळलेला असतो, तिथे पुढच्या कडेखाली किटमधल्या चिपा ठेवा. अंदाजाने कागदाच्या घड्या सरकवू नका. खालचा स्पार, रिब (पंखाला आकार देणाऱ्या बरगड्या), वरचा स्पार, पुढची कड, मागची कड हा क्रम सरळ आहे. टाचण्या लाकडात आरपार नको, दोन्ही बाजूंनी तिरक्या लावा.

आता नीट ऐका. इथवर आलेला सांगाडा चिवट दिसतो, पण तो अजून मऊच असतो. टोकाशी दोन बोटांनी धरून पिळला तर आरामात पिळतो. पंख खरा कडक होतो तो दोन गोष्टींनी: वरच्या-खालच्या स्पारमध्ये बसणारे बाल्साचे तुकडे, म्हणजे शिअर वेब, आणि पुढच्या भागावर चिकटवलेलं पातळ शीट. या दोघांनी पुढची कड ते स्पार असा बंद डबा तयार होतो. डबा बंद होताना पंख ज्या आकारात असेल तोच आकार कायमचा. म्हणून वेब आणि वरचं शीट पंख पाटावर टाचलेला असतानाच बसवायचं. ‘सांगाडा उचल, मस्त घासून घे, मग हातात धरून शीट लाव’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि करू नका. खालचं शीट नंतर लावायचं असेल तर वरचा डबा पूर्ण वाळू द्या.

वेबमध्ये लाकडाच्या रेषा उभ्या असायला हव्यात. आडव्या रेषांचे वेब कापायला सोपे जातात म्हणून लोक तसे कापतात आणि ते भाराखाली रेषेवर चिरतात.

शीटला फेव्हिकॉल लावायचा तर जरा विचार करून लावा. त्यातलं पाणी दीड मिलिमीटरच्या बाल्साची एक बाजू फुगवतं आणि शीट वळतं. उपाय सोपा आहे. बाहेरच्या बाजूवरून ओला बोळा फिरवा, म्हणजे शीट रिबच्या गोलाईला हवं तसं आपणच वाकतं. मग गोंद, टाचण्या, वजन, आणि रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी घाई झाली तरी नाही.

वॉशआउट म्हणजे पंखाच्या टोकाकडे मागची कड किंचित वर. त्याने वेग कमी झाल्यावर टोकांच्या आधी मधला भाग उचल सोडतो आणि विमान एका बाजूला गपकन पडत नाही. प्लॅनमध्ये आकडा दिला असेल तो पाळा. नसेल तर एवढ्या आकाराच्या ट्रेनरला मी टोकाशी पाच-सहा मिलिमीटर देतो. मुळाशी शून्य, टोकाशी पूर्ण, अशी निमुळती चीप वरचं शीट लावायच्या आधी मागच्या कडेखाली सरकवा. एका पंखासाठी वापरलेलीच चीप दुसऱ्यासाठी उलटवून वापरा. नवी कापली की ती वेगळी निघणार.

पाटावरून काढल्यावर तपासणी. सुतार फळीतला पीळ बघायला दोन सरळ पट्ट्या वापरतो, तेच करायचं. हार्डवेअरच्या दुकानातून अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या घ्या, प्रत्येकी अर्धा मीटर. पंख उलटा ठेवा, एक पट्टी मुळाशी आडवी, दुसरी टोकाशी, दोन्ही खालच्या सपाट भागावर. मग खाली वाकून एका पट्टीच्या कडेवरून दुसरीकडे बघा. वॉशआउट दिलेला नसेल तर दोन्ही कडा एकमेकींना समांतर हव्यात. दिलेला असेल तर दोन्ही पंखांत फरक सारखा आणि त्याच दिशेला हवा. पट्टी पंखाच्या रुंदीच्या दुप्पट असल्यामुळे चूकही दुप्पट दिसते. मागच्या कडेला तीन मिलिमीटर चूक म्हणजे जेमतेम पाऊण अंश, पण पट्टीच्या टोकाला ती सहा मिलिमीटर होते आणि लपत नाही.

दोन्ही पंखांत सारखाच थोडा पीळ असेल, टोकांची मागची कड वर, तर सोडून द्या. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, किंवा टोकाची मागची कड खाली गेली आहे, तर पुढे जाऊ नका. यावर नेहमीचा सल्ला मिळतो, ‘ट्रिम देऊन सांभाळून घे’. ट्रिम म्हणजे रेडिओवरून दिलेली कायमची छोटी दुरुस्ती, आणि तो एका वेगाला लागू पडतो. उतरताना वेग कमी झाला की तो हिशेब चुकतो आणि जमिनीपासून दोन मीटरवर एक पंख बसतो. वाफेवर धरून सरळ केलेल्या बंद डब्यावरही माझा भरवसा नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातला प्रकार. शीट स्पारच्या रेषेवर ब्लेडने सोडवा, लागतील ते वेब काढा, पंख पाटावर टाचा, परत चिकटवा. एक संध्याकाळ जाते.

दोन पंखांचा जोड

प्लायवूडचा ब्रेस (जोडावरची आधारपट्टी), अर्ध्या तासाचा इपॉक्सी, एक पंख पाटावर सपाट आणि दुसऱ्याचं टोक प्लॅनवरच्या उंचीवर टेकवलेलं. वाळल्यावर पट्ट्यांची तपासणी पुन्हा, या वेळी दोन्ही टोकांची एकमेकांशी.

फ्यूजलाज (धड) आणि शेपूट

बाजू जोडताना गुण्या लावा, घाई नको. फायरवॉल तिरकी वाटली तरी सरळ करू नका. मोटार दोन-तीन अंश खाली आणि उजवीकडे रोखलेली असते ती मुद्दाम. शेपूट बसवताना शेपटीच्या मध्यावर टाचणी रोवून तिला दोरा बांधा आणि तो दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत नेऊन मोजा. अंतर सारखं आलं की गोंद.

फिल्म

इस्त्रीची फिल्म, म्हणजे सांगाड्यावर चढवायचं पातळ प्लॅस्टिक, आधी कडांवर मंद तापमानाला, साधारण 100 अंशांवर, चिकटवा. ताणण्यासाठी जास्त तापमान लागतं, ते गुंडाळीबरोबरच्या कागदावर वाचा. खालची बाजू आधी, वरची नंतर, म्हणजे जोड वरून दिसत नाही.

पण सरळ बांधलेला पंख इथे परत पिळला जाऊ शकतो. एका बाजूची फिल्म जास्त आखडली की ती मागची उघडी रचना ओढते. म्हणून दोन्ही बाजू थोड्या थोड्या ताणत न्या आणि शेवटी पट्ट्या पुन्हा ठेवा. पीळ दिसला तर पंख उलट दिशेला हवा त्यापेक्षा जास्त पिळून धरा, दुसऱ्या कुणाला दोन्ही बाजूंवरून इस्त्री फिरवायला सांगा आणि गार होईपर्यंत हात सोडू नका. लहानसा पीळ असा निघतो. डब्यात बसलेला निघत नाही.

बिजागऱ्या, सर्व्हो, जोडण्या

बिजागरी मधोमध, फट एक मिलिमीटरच्या आत, पातळ सायनो दोन्ही बाजूंनी, वाळल्यावर जोरात ओढून बघा. पुशरॉड (सर्व्हो, म्हणजे हालचाल देणारी छोटी मोटार, आणि हलणारा भाग यांना जोडणारी काडी) वाकत असेल तर मध्ये आधार द्या. टेबलावर मोटार चालवून बघताना प्रोपेलर काढलेला असावा, याला अपवाद नाही. लायपो बॅटरी विमानात ठेवून चार्ज करू नका, सेलला 4.2 व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका आणि महिनाभर उडवायचं नसेल तर 3.8 वर ठेवून द्या.

एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) उलटे चालतात का हे बघायची खूण: उजवीकडे स्टिक ढकला, त्यावर अंगठा उभा धरा. अंगठा ज्या बाजूला झुकतो त्या बाजूचा एलेरॉन वर जायला हवा.

तोल

बॅटरी आत ठेवून, पंख बसवून, पुढच्या कडेपासून 65 ते 75 मिलिमीटरवर दोन बोटांनी विमान उचला. नाक किंचित खाली झुकायला हवं. शेपूट खाली जात असेल तर शिसं शोधायच्या आधी बॅटरी पुढे सरकवा. तोल मागे असताना ‘एकदा उडवून बघू’ म्हणू नका.

पहिलं उड्डाण

ड्रोन नियम 2021 पंखवाल्या रेडिओ विमानालाही लागू होतात. निघण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर तुमचं मैदान हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघा. विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी तर नक्कीच. हिरव्या पट्ट्यातही 400 फुटांची मर्यादा आहे, आणि विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ती 200 फूट होते. मैदानावर रेंज तपासा, ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटार थांबते का बघा, आणि सकाळचं वारं कमी असतानाच उडवा.

वर गेल्यावर विमान सरळ ठेवायला एलेरॉनचा ट्रिम बटणाच्या दोन-तीन दाबांपेक्षा जास्त लागला तर मजा बाजूला ठेवा आणि थोडा वेग राखून उतरवा. घरी आल्यावर आधी त्या दोन पट्ट्या काढा. नव्या फिल्मवर ऊन लागल्यावर ती पुन्हा थोडी सरकते, त्यामुळे पहिल्या दिवसानंतर इस्त्रीचा एक हात बहुतेक विमानांना लागतोच. गाडीची काच बंद करून विमान उन्हात ठेवलं असेल तर दोन हात.